खिडकीपासून साडेचार मीटर

मी चार्जर बोलतोय. गॅरेजच्या अंगणात उभा असलेला, कमरेला जाड केबल गुंडाळलेला. तुमची गाडी भरत असते तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालता. मी समोर बघत असतो. दुसरं करणार काय?

समोर गॅरेजवाल्याचं घर. तिथल्या खिडकीत त्याची आई बसायची. पायांनी दगा दिलेला, त्यामुळे सकाळपासून तिचा मुक्काम तिथंच. खोलीला खिडकी तेवढी एकच. माझा हिरवा दिवा लागला की ती ओरडायची, "अरे, याचं पोट भरलं रे!" पोट गाडीचं भरायचं, पण तिला कोण सांगणार?

मग नगरपालिकेचे साहेब टेप घेऊन आले. नवा नियम आला होता. चार्जर राहत्या घराच्या खिडकीपासून साडेचार मीटर लांब हवा. मी निघालो चार मीटरवर. गॅरेजवाल्याने स्वतः टेप धरून पाहिली, तरी चारच.

"साहेब, घर माझंच आहे. आई माझीच."

"असेल. खिडकी आहे ना?"

"मग याला मागे सरकवतो."

"हलवलात तर परवानगी पहिल्यापासून. वर्ष तरी धरा."

वर्षभर मी बंद म्हणजे गॅरेजच बंद. पेट्रोलच्या गाड्या दुरुस्तीला येणं केव्हाच आटलं होतं.

"आणि खिडकीच नसेल तर?"

साहेबांनी कागद चाळले. "भिंतीबद्दल काही लिहिलेलं नाही."

गॅरेजवाल्याने खिडकीकडे पाहिलं. आईने सगळं ऐकलं होतं. "बुजव रे," ती म्हणाली. "मला काय, कुठे मिरवायला जायचंय?"

दोन दिवसांत विटा लागल्या. शेवटच्या विटेपर्यंत ती तिथंच बसून गवंड्याला "वाकडी लावतोयस" म्हणून झापत होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नंतरही नाही. गाड्या येतात, भरतात, जातात. मी विटांकडे बघतो.

आठ महिन्यांनी साहेब पुन्हा आले. नियम बदलला होता, आता तीन मीटर पुरे. गॅरेजवाला त्याच पावली छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीशी गेला. पहिला घाव बसला आणि आतून आवाज आला.

"राहू दे रे. आता उजेड डोळ्यांना सोसत नाही."

इतक्यात एक गाडी आली, त्याने हातोडा ठेवून तिला केबल लावली आणि मी चालू झालो.

तुम्हीही याल. आलात की दोन शब्द जरा मोठ्याने बोला. भिंतीतून तिला एवढंच पोचतं.