तीन इंच वर

“चार नाही, पाच लिही,” अण्णा म्हणाले. “स्टेपनी लहान राहिली तर पंक्चरच्या दिवशी गाडी लंगडते.”

मी मोबाइलवर चाराचे पाच केले. एक टायर साडेएकोणीस हजार, पाचांचे साडेसत्त्याण्णव. त्याच्या वरच्या ओळीत किट होतं, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर धरून ब्याऐंशी हजार. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, उपेंद्रच्या वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसून मी वडिलांच्या जुन्या पिकअपची उंची वाढवण्याचा खर्च मांडत होते. आई जाऊन अडीच महिने झाले होते.

खरं तर मी त्यांना थांबवायला आले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीतून दोन बस बदलून, शनिवारची सुट्टी मोडून. वाटलं होतं, आकडे एकाखाली एक दिसले की अण्णा स्वतःच नको म्हणतील. ऑफिसात माझं कामच ते आहे, लोकांना त्यांचे बेत केवढ्याला पडतील हे दाखवून देणं. पण हे काम अण्णांनी माझ्या आधी तीस वर्षं केलं होतं, हे मी विसरले.

उपेंद्रच्या वडिलांच्या काळात अण्णा इथे मेस्त्री होते. तरुण पोरं जीप नाहीतर पिकअप घेऊन यायची आणि ‘उंच करा, मोठे टायर घाला’ म्हणायची. अण्णा त्यांना भाव सांगत नसत. “घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस घेऊन ये,” म्हणत. मग जाड फळ्या मांडून गाडी त्यांवर चढवायची, जेवढी उंच होणार तेवढी, आणि त्या आजीला किंवा सासऱ्याला म्हणायचं, चढा. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच घरी परत जात. उपेंद्रचे वडील कपाळाला हात लावत. “येसाजी, तू धंदा करतोस की समाजसेवा?” अण्णांचं उत्तर ठरलेलं असे. “बेअरिंग गेलं तर नवीन मिळतं. म्हातारीचं कंबरडं कुठल्या दुकानात मिळतं सांगा, आणून देतो.”

आमची स्वतःची गाडी त्यांनी रिटायर झाल्यावर घेतली, जुनी, पांढरी. गॅरेजांना सुटे भाग पोचवायला. ती कंपनीतून आली त्याच उंचीची ठेवली, कारण शेजारी आई बसायची आणि आईचे गुडघे गेलेले होते.

“मेस्त्री,” उपेंद्र म्हणाला, “कायदा तुमचाच आहे. वयस्कर माणूस कुठाय?”

“आता मीच की.”

उपेंद्र हसला, पण त्याने फळ्या मांडल्या. दोन इंच किटचे, एक इंच टायरांचा. गाडी वर चढवली. अण्णांनी दारावरचा दांडा धरला, पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा ते वर जाऊन बसले. सहासष्ट वर्षांचा माणूस धापा लपवत पुढच्या काचेतून आमच्याकडे बघत होता.

“आयतु, झालं, पास!” उपेंद्र ओरडला. “अक्का, आता फूटस्टेप लिहा. नऊ हजार.”

“बेडा,” अण्णांनी वरूनच कानडीत नको म्हटलं.

“का मेस्त्री? दोन लाख घालताय आणि पायरीला कंजुषी? राहू दे, माझ्याकडून.”

“पैशाचं नाही रे. मला जमतंय चढायला. दुसरं कोण चढणार आहे?”

उपेंद्र मान खाली घालून उरलेल्या फळ्या बाजूला रचायला लागला. मी लिहिलेली ओळ पुसली.

मग अण्णा खाली आले आणि आम्ही दोघं दाराशी बाकावर बसलो. चहा आला. मला ती गाडी होती तशीच हवी होती. आईला चढता येईल एवढीच उंच. सीटच्या कडेचं रेक्झिन तिच्या चढण्या-उतरण्याने जिथे फाटलं होतं, तिथपर्यंत मला ती तशीच हवी होती. हे काही मी बोलले नाही. म्हणाले, “अण्णा, कशासाठी पण? तुम्हाला काय डोंगर चढायचेत? पोलिसाने धरलं तर दंड होईल तो वेगळाच.”

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

“मागच्या गुरुवारी हेब्बाळला गेलो होतो,” ते म्हणाले. “त्या फ्लॅटवाल्यांचे डबे घरी राहिले होते, ते द्यायला.”

आई दर गुरुवारी तिकडे पुरणपोळ्या द्यायची. पुण्या-नागपूरहून आलेली मुलं-मुली तिच्या मराठीला हसायची आणि पोळ्या आगाऊ सांगून ठेवायची. “ते बोलतात ते मराठी, आणि मी बोलते ते काय मग?” असं घरी येऊन ती विचारायची, पण पोळ्यांत तूप कमी घालायची नाही.

“गेटसमोर गाडी लावली. उतरलो, फिरून तिच्या बाजूला गेलो. दार उघडलं आणि वाकून उभा राहिलो. ती खांद्यावर हात ठेवून उतरायची ना, तसा.”

“मग?”

“मग काय. तसाच उभा. वॉचमन आला. ‘अण्णा, यारु इळीबेकु?’ म्हणाला.”

कोण उतरायचंय, असं त्याने विचारलं होतं.

“होतं कधीतरी असं,” मी म्हणाले.

“कधीतरी नाही गं. रोज. भाजीला थांबलो तरी, पेट्रोल पंपावर थांबलो तरी. डोक्याला सगळं ठाऊक आहे. पाय ऐकत नाहीत. अकरा वर्षांची सवय. मी विचार केला, गाडीच वेगळी झाली, पहिलं पाऊलच वेगळं पडलं, तर पायांना कळेल.”

आयुष्यभर ज्या माणसाने बिघाड ऐकून नेमका नट सांगितला, त्याने हाही बिघाड शोधला होता, आणि त्यावरचा उपायही.

“मग विकूनच टाका,” मी म्हणाले.

“विकली तर तिच्या जागेवर कोणीतरी बसेल.”

गल्लीतून एक बस रिव्हर्स घेत होती. तिचा आवाज थांबल्यावर मी विचारलं,

“पैसे कुठले काढणार?”

“गुडघ्याचे आहेत की.”

गुडघ्याचे म्हणजे दोन लाखांची ठेव. एका गुडघ्याच्या ऑपरेशनपुरती. दोनदा तारीख ठरली होती आणि दोन्ही वेळा माझ्या ऑफिसचं काहीतरी निघालं. आई म्हणाली होती, “स्वल्प थांबूया. तू आल्याशिवाय कशाला?” मग जानेवारीत एका सकाळी तिचं हृदय थांबलं, आणि ती ठेव बँकेत तशीच राहिली. अण्णांनी मला कधी त्याबद्दल बोल लावला नाही. आत्ताही लावत नव्हते. मी मोबाइल उघडला आणि मजुरी व अलाइनमेंटचे साडेचौदा हजार लिहिले. बेरीज एक लाख चौऱ्याण्णव हजार झाली.

“उरलेले सहा दंडाला ठेव,” अण्णा म्हणाले. “पोलिसाने धरलं तर म्हणालीस ना.”

मी तेही लिहिलं.

दहा दिवसांनी, एका गुरुवारी, त्यांचा फोन आला. “येतेस काय? बघू कशी चालतेय.” मी रजा टाकून गेले. टायर नवे, काळेभोर, रबराचा वास येत होता. जुन्या अंगाला कुणी नवे बूट घालावेत तशी ती गाडी दिसत होती. मी दांडा धरून दुसऱ्या खेपेला वर चढले. अण्णांनी वळून पाहिलं नाही, ते आरसे लावत होते.

“स्टिअरिंग जरा जड झालंय,” वाटेत ते म्हणाले. “आणि डिझेल पिणार. गिऱ्हाइकांना सांगायचो, ते खोटं नव्हतं.”

“आणि वळणावर हलतेय,” मी म्हणाले.

“हलणारच. उंचावर बसलं की हलतं.” ते थोडं हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

हेब्बाळच्या तलावाआधी सर्व्हिस रोडवर, उभ्याने खायच्या एका दर्शिनी हॉटेलासमोर त्यांनी गाडी लावली. हँडब्रेक ओढला. दार उघडून पाय बाहेर काढला. तो पाय क्षणभर हवेत राहिला, जमीन शोधत, मग टेकला. त्यांनी दार लावलं. मी पट्टा सोडला आणि हात मांडीवर घेऊन बसले. अण्णा येऊन दार उघडतील म्हणून आपण थांबलो आहोत, हे मला त्या क्षणी कळलंही नाही.

अण्णा बॉनेटसमोरून चालत आले. डाव्या दिव्यापर्यंत आले. तिथून एक वाट माझ्या दाराकडे होती आणि एक हॉटेलाकडे. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि हॉटेलाकडे गेले. मधे थांबले नाहीत, मागे पाहिलं नाही.

तेवढ्या उंचीवरून मला काउंटरवरची गर्दी सगळी दिसत होती. लोकांच्या डोक्यांत अण्णांचं विरळ पांढरं डोकं. कूपन देणाऱ्याला दिसावीत म्हणून त्यांनी दोन बोटं वर धरली होती. दोन कॉफी.

मी माझं दार उघडलं आणि पाय खाली सोडले. जमीन अजून थोडी लांब होती.