खाजेवरचे थेंब

बाबा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा दाराच्या चौकटीला धडकले आणि तिसऱ्यांदा दोष चौकटीलाच दिला.

"सुतारानं माप चुकवलंय."

"बावीस वर्षांनी लक्षात आलं?" मी म्हणाले.

"लाकूड फुगतं."

बाबांनी चौतीस वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडरकी केली. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, पण इमारतीत ते अजूनही कंपाउंडरकाकाच. डोळ्यांबद्दल त्यांना काही सांगायला जाणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. शेवटी, मला माझा नंबर तपासायचाय, सोबत या, अशी थाप मारून मी त्यांना रुग्णालयात नेलं आणि तिथे त्यांच्याच नावाची चिठ्ठी काढली.

आमचा क्रमांक एकेचाळीस होता. छत्तिसावा पुकारला तेव्हा बाबांनी खिशातून एक पांढरी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला.

"हे काय?"

"डॉक्टरसमोर लाल डोळे घेऊन जायचं? बरं दिसतं का?" मग ते शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळले. "तुमचेही चुरचुरतायत वाटतं. करा मान वर."

बाईंनी मान वर केलीसुद्धा. मी बाबांचं मनगट धरलं.

आतली डॉक्टर तिशीचीही नसेल. तिने सगळ्या तपासण्या केल्या आणि विचारलं, "काका, डोळ्यांत घरी काही औषध घालता?"

"छे."

"बाबा!"

"ते औषध नव्हे. खाजेवरचे थेंब आहेत. रस्ता खोदून ठेवलाय, धूळ किती उडते!"

तिने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "कधीपासून?"

"रस्ता खोदल्यापासून."

"म्हणजे सहा वर्षं," मी म्हटलं.

मग तिने शांतपणे सांगितलं. यात स्टिरॉइड असतं. खाज लगेच थांबते, पण काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, आत नस मात्र दबत जाते आणि नजर कडेकडेने संपते. डाव्या डोळ्याची निम्म्याहून अधिक गेली आहे. ती परत येणार नाही. उरली आहे ती टिकवायची तर ही बाटली आजच बंद आणि दाब कमी करणारे दुसरे थेंब रोज, न चुकता.

बसथांब्यावर बाबा बाकावर टेकले. मग म्हणाले, "आमच्या डॉक्टरांनीही हेच दिलं असतं."

"किती दिवसांसाठी? दवाखान्यात तुम्ही बाटलीला कागद चिकटवायचात ना? त्यावर काय लिहायचात?"

त्या कागदांवर अक्षर बाबांचंच असायचं.

"आठ दिवस. नंतर बंद," ते पुटपुटले. "पण ते पेशंटसाठी."

"आणि तुम्ही कोण?"

"मी स्टाफ."

मी कपाळावर हात मारला. आमची बस आली आणि निघून गेली. तेव्हा कुठे मला पुढचं सुचलं. "इमारतीत आणखी कुणाला दिलीत?"

"एकदोघांना."

"बाबा."

"सात."

घरी आल्यावर त्यांनी तोडगा काढला. कंपनीने हे औषध बंद केलं असं सांगायचं. मी म्हटलं, "मग ते दुसऱ्या कंपनीचं घेतील. त्यांचे डोळे जातील आणि तुमचा मान राहील. चालेल?" बाबांनी चपला घातल्या.

सहा दारांवर काम भागलं. कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं, एकाने तर बाटली त्यांच्या हातावर आपटली. सातवं दार दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेचं.

"बरं झालं आलात काका, संपतच आली होती."

"द्या ती. चुकीचं औषध आहे, मी चुकीचं दिलं."

"काहीतरीच! तुमच्या हाताला गुण आहे. मी अजून बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते."

"मीही ओवतो," बाबा म्हणाले. "समोरचं शेवटपर्यंत दिसतं, बाई. कडेचं जातं आणि गेलेलं कळत नाही. माझा डावा डोळा निम्मा गेलाय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्यावर विश्वास टाकला मी."

"तेच तर."

"एवढ्याशा खाजेसाठी आता मी इस्पितळाच्या रांगा लावू? नाही देत, जा!"

दार बंद झालं. बाबांनी हाताने चाचपून पायरी शोधली आणि तिच्यावर बसले.

"घरी चला, बाबा."

"तू जा."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत."

दहा मिनिटांनी दार उघडलं. बाईंच्या हातात दोन बाटल्या होत्या. "आठपर्यंत तयार राहीन. न्या उद्या तुमच्या त्या डॉक्टरकडे. आणि ही दुसरी बहिणीसाठी घेऊन ठेवली होती. याआधी दोन पाठवल्यात."

मी कठड्याला टेकले. सात म्हणे!

बाबा कठड्याला धरून उठले. "बहिणीला फोन लावा," ते म्हणाले. "मी बोलतो."