लाल पट्टीचा निकाल

मित्रांनो, मी एक जुनी तपासणीपेटी आहे. पूर्वी रेडिओत आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दिव्यासारख्या काचेच्या नळ्या असत. त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. ते चांगले की निकामी, हे सांगणे माझे काम. माझ्या तोंडावर एक काटा आहे. तो हिरव्या पट्टीवर गेला तर व्हॉल्व्ह पास, लाल पट्टीवर अडला तर नापास. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निकाल दिले. आज माझाच सांगते.

माझे मालक घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचे दुकान चालवत. माझ्या काट्यावर त्यांचा इतका भरवसा, की गल्लीत त्यांचे नाव ‘काटेकाका’ पडले. खरे आडनाव काय ते टपालवाल्यालाच ठाऊक! त्यांचा एक नियम होता. मी नापास केलेला व्हॉल्व्ह ते फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडत. नाहीतर तो भंगारातून पुन्हा बाजारात येतो आणि कुणीतरी फसतो, असे ते म्हणत. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मलाही तेव्हा त्याचा ताठा होता.

माझ्या पोटातही एक व्हॉल्व्ह आहे. काट्याला बळ देतो तो तोच. दर सहा महिन्यांनी काका खात्रीचा व्हॉल्व्ह लावून माझी परीक्षा घेत, मऊ फडक्याने पुसत. पुढे व्हॉल्व्हचा जमाना सरला, कामे आटली आणि माझी परीक्षा राहून गेली. धूळ मात्र नेमाने येई.

काकांच्या घरात एक अ‍ॅम्प्लिफायर होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून बनवलेला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याच्या तारेचे वेढे काकूंनी मोजून, हाताने घातले होते. “तीन हजारांत एखादा चुकला असेल, तर तो तुमच्या बडबडीमुळे,” असे त्या अजून काकांना चिडवत.

मग काकूंना कमी ऐकू येऊ लागले. उरलेलेही वर्षभरात जाईल, असे डॉक्टर म्हणाले. काकू रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अहो, त्याआधी आपला अ‍ॅम्प्लिफायर एकदा ऐकवा.” पण त्याचा मुख्य व्हॉल्व्ह केव्हाच गेला होता आणि त्या नंबरचा व्हॉल्व्ह आता कुठेच बनत नव्हता.

काकांनी जिवाचे रान केले. जुनी पुस्तके धुंडाळून त्याच्या जागी चालेल असा दुसरा नंबर शोधला. पाय तेवढेच, आतल्या तारेला वीज तेवढीच, फक्त आवाज थोडा कमी. चार महिने दुकाने आणि गोदामे पालथी घातली. शेवटी एका बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या माळ्यावर तसे सहा मिळाले, सगळे न वापरलेले.

पहिला माझ्यावर लावला. काटा जेमतेम उठला आणि लालवरच थांबला. काकांनी तो फोडला. दुसराही लाल. तिसरा, चौथा, तेच.

“अहो, एकदा लावून तर बघा,” काकू म्हणाल्या. “हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“यंत्र खोटं बोलत नाही गं!” काका त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. “खराब व्हॉल्व्हनं ट्रान्सफॉर्मर जळला तर? तुझ्या हातचे वेढे आहेत ते.”

पाचवा फुटला. सहावाही मी नापास केला. काका हातोडी उचलणार, तोच काकू तो व्हॉल्व्ह घेऊन आत गेल्या. त्यांनी तो टाकून दिला असेल, असे काकांनी धरले. मित्रांनो, ते सगळे व्हॉल्व्ह चांगले होते. थकले होते मी. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि मला ओरडून सांगताही येईना.

हिवाळा संपता संपता काकूंना ऐकू येणे पार थांबले. तेव्हा लेक भेटायला आली. ती दवाखान्यांतली यंत्रे दुरुस्त करते. सगळी हकिकत ऐकून ती म्हणाली, “बाबा, सहाच्या सहा, तेही न वापरलेले, खराब कसे निघतील?” तिने एक खात्रीचा व्हॉल्व्ह आणून माझ्यावर लावला. मी त्यालाही लाल दाखवले. मग तिने माझे झाकण उघडून पोटातला म्हातारा व्हॉल्व्ह बाहेर काढला.

काका स्टुलावर बसले. “पाच,” ते म्हणाले. “माझ्या हातानं फोडले गं.”

काकूंना शब्द ऐकू आले नाहीत. पण त्यांनी माझे उघडे पोट पाहिले, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि लोकरीच्या टोपलीतून सहावा व्हॉल्व्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला.

तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लावला. त्याच्या आतली तार लालसर उजळली. ग्रामोफोनची तबकडी फिरली आणि खोलीभर व्हायोलिन वाजू लागले. काकूंनी स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकवला.

“वाजतंय?” त्यांनी विचारले. काकांनी मान हलवली.

“कसं वाजतंय?”

काकांनी कागद ओढला, पेन्सिल घेतली. तबकडी संपली, तरी कागद कोराच होता.

मित्रांनो, त्यांनी मला फोडले नाही. फळीवर पुसून ठेवले आहे. मला फोडले असते, तर बरे वाटले असते. तुमच्या घरीही कुणीतरी असेल, ज्याचा शब्द सगळे मानतात. त्याला अधूनमधून तपासत जा. आणि हातोडी उचलण्याआधी, काकू म्हणत होत्या तसे, एकदा लावून बघा.