सोवळ्यातली बाटली

ते साल १९७०. कलकत्त्याच्या भिंती रोज नव्या घोषणांनी रंगत होत्या, संध्याकाळी ट्राम मध्येच थांबे आणि लोक निमूट उतरून चालू लागत. त्याच वर्षीच्या माघात दिगंबर देवस्थळीने गुरुचरित्राचं पारायण सुरू केलं. लग्न होईपर्यंत आपण सोवळं पाळणार, असं त्याने घरात जाहीर केलं. एवढंच लोकांना ठाऊक होतं.

दिगंबर सव्वीस वर्षांचा. फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी. थोरला भाऊ श्रीधर बँकेत अधिकारी, बदलीने आलेला. त्याच्याच भवानीपूरच्या बिऱ्हाडात हा राहायचा. घरात श्यामलावहिनी आणि तीन वर्षांची हेमा. हेमा मराठीपेक्षा बंगालीच जास्त बोलायची आणि काकाच्या खांद्यावरून खाली उतरायचं म्हणून नाव घ्यायची नाही. वैशाखात दिगंबरचं लग्न ठरलेलं होतं, श्यामलावहिनीच्याच मामेबहिणीशी, मिरजेच्या वृंदाशी. शब्द वहिनीने टाकला होता. "आमच्या भावोजींसारखा सरळ मुलगा मिळणार नाही," असं तिने मामीला स्वतः लिहिलं होतं.

हा सरळ मुलगा जानेवारीच्या शेवटी कचेरीतल्या श्यामसुंदरबरोबर बराकपूरला मोजमापाला गेला. काम दुपारीच आटोपलं. परतताना सियालदहला उतरल्यावर श्यामसुंदर म्हणाला, "लग्न ठरलंय ना तुझं? मग चल, जरा जग बघून घे." दिगंबरला नाही म्हणता आलं नाही. एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, निळ्या पडद्यामागे एक खोली होती. तिथल्या बाईने त्याला पाणी दिलं, शेजारी बसली, जवळ घेऊन ओठावर ओठ टेकले. घटकाभर तोही तिला बिलगला. मग एकाएकी त्याला घाम फुटला. तो उठला आणि जिना उतरून पळाला. झालं ते एवढंच.

कोणी म्हणेल, यात काय आहे? पण फोर्टात दिगंबरच्या टेबलाकडे जायच्या वाटेवर जवानांसाठी फलक लावलेले होते. बाजारातल्या बायकांकडे गेलात तर गरमीचा रोग लागेल, रक्त नासेल, बायकामुलांना भोगावं लागेल. दोन वर्षं तो फलकांखालून जात होता आणि एकदाही त्याने मान वर केली नव्हती. आता तो रोज वाचू लागला. रोग कशाने लागतो ते तिथे मोठ्या अक्षरांत होतं. कशाने लागत नाही, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांत त्याच्या खालच्या ओठाला थंडीने चीर पडली. ती भरली, पण तो तिला विसरला नाही. सकाळी दाढीच्या आरशात जीभ काढून बघायचा, दुपारी कचेरीच्या खिडकीशी तळहात उजेडात धरायचा. अंगावर पुटकुळी आली तरी काळजात धस्स व्हायचं. आणि हेमा धावत येऊन गळ्यात पडली की ह्याचे हात हवेतच राहायचे.

तेव्हा त्याला सोवळं सुचलं. वेगळं ताट, वेगळं भांडं, वेगळी बादली, जमिनीवर चटई. सोवळ्यातल्या माणसाला कोणी शिवत नाही आणि का शिवायचं नाही असं विचारत नाही. इतकी चांगली आडोशाची जागा मराठी घरात दुसरी नसेल.

"कलकत्त्याला येऊन लोक मासे खायला शिकतात," श्रीधर जेवताना म्हणाला, "आमचे बंधू मात्र संन्यासाला निघाले. दिगू, लग्नात तरी अंतरपाट खाली घेऊ देशील ना रे?"

"थट्टा करू नका हो," वहिनी म्हणाली. "चांगलं काही करतोय माणूस."

वरच्या मजल्यावर कालिंदीबाई राहत. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेलं घराणं. मराठी माणसांतल्या बातम्या त्यांच्याकडून निघत आणि त्यांच्याकडेच परत येत. त्यांनी दिगंबरला रेशमी मुकट्यात पोथीपुढे बसलेला पाहिला आणि त्या हरखून गेल्या. "श्यामला, दिवा घेऊन शोधलास तरी असा दीर मिळायचा नाही हो! आमच्या नातवंडांना शुभंकरोती म्हण म्हटलं तर तोंडं वाकडी करतात." गुरुवारी त्या चारदोन बायकांना घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "दिगंबर, तुझ्या हातचं तीर्थ दे बाबा." तो पळी धरायचा तेव्हा त्याचा हात असा थरथरे की बायका त्याला भक्ती समजून डोळे पुसत. रात्रभर त्याला ते पुढे केलेले तळहात दिसत.

डॉक्टरकडे जावं, तर ओळखीचे डॉक्टर एकच, भालचंद्र गोळे. कलकत्त्यातच जन्मलेले, साऱ्या मराठी घरांत जाणारे. त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर हमखास कोणीतरी ओळखीचं असायचं. म्हणून दिगंबर सियालदहजवळच्या एका वैद्याकडे गेला. दारावर चार भाषांत पाटी होती, गुप्त रोगांवर हमखास इलाज. वैद्याने नाडी धरली, डोळे मिटले आणि हिंदीत सांगितलं, "रक्तात उतरलंय. आता दिसणार नाही. लग्न झाल्यावर बायकोच्या अंगावर निघेल, मग पोरांच्या." आणि काळपट काढ्याची बाटली दिली.

ती बाटली ठेवायची कुठे? दिगंबरने मागच्या गॅलरीतल्या उंच दांडीवर ठेवलेल्या जास्तीच्या मुकट्याच्या घडीत ती गुंडाळून ठेवली. तिथे काठीशिवाय कोणी पोचत नसे आणि सोवळ्याला हात लावायची तर बातच नव्हती. तिच्याजवळच मिरजेचा पत्ता घातलेलं एक पाकीटही ठेवलेलं होतं. 'मला हे लग्न करता येणार नाही, कारण विचारू नये' एवढंच आत लिहिलेलं. चार वेळा तो ते घेऊन टपालपेटीपर्यंत गेला आणि चार वेळा परत आला. लग्न केलं तर त्या मुलीचा घात. मोडलं तर वहिनीचं तोंड काळं. पाऊल कुठल्याच बाजूला पडेना.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी सकाळी श्रीधर काही कामाने बाहेर गेला होता, वहिनी बाजारात. दिगंबर पोथी वाचत होता. हेमाने काकाला चारदा हाका मारल्या. काकाने मान वर केली नाही. तेव्हा तिने गॅलरीत जाऊन स्टूल ओढलं, कोपऱ्यातली काठी उचलली आणि आई कपडे काढते तसं काकाचं सोवळं काढायला गेली.

बाटली फरशीवर फुटल्याचा आवाज आला. मागोमाग हेमाची किंकाळी.

दिगंबर धावत गेला. काळा काढा फरशीभर पसरला होता, हेमा त्यात बसली होती आणि तिच्या उजव्या तळहातातून रक्ताची धार लागली होती. तिने दोन्ही हात त्याच्याकडे केले. "काका! काका गो!"

तो वाकला आणि तिथेच थांबला. उघडी जखम, उघडं रक्त. आपला हात लागला तर? घरात दुसरं कोणी नव्हतं. "हेमा, हलू नकोस, आई येईल," एवढंच तो म्हणत राहिला. ते पोर त्याच्याकडे बघत रडता रडता एकदम गप्प झालं. ते गप्प होणं तो पुढे कधी विसरला नाही.

वहिनी जिन्यातूनच आवाज ऐकून पळत आली. तिने हातातली पिशवी टाकली, हेमाला उचललं, पदर फाडून तळहाताला आवळला. मग वर पाहिलं.

"भावोजी, तुम्ही इथे उभे होतात?"

"मला हात लावता येत नाही, वहिनी."

"पोरीचं रक्त वाहतंय आणि तुम्हाला सोवळं आठवतंय?"

"सोवळं नाही हो," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा असा झाला की वहिनी पुढचं बोलायची थांबली. तिची नजर फरशीवर गेली. फुटक्या काचेला चिकटलेलं सियालदहच्या वैद्याचं लेबल आणि पलीकडे भिजलेलं पाकीट, मिरजेच्या पत्त्याचं. तिने पाकीट उचलून कमरेला खोचलं. "टॅक्सी बघा," एवढंच म्हणाली.

गोळे डॉक्टरांनी जखम धुतली. "तीन टाके पडतील. दिगंबर, तिला मांडीवर घे आणि मनगट घट्ट धर."

"डॉक्टर, मी... मी धरू नये."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ते वहिनीला म्हणाले, "श्यामला, हिला घेऊन आतल्या खोलीत बस. पाणी पाज. दोन मिनिटांत बोलावतो." दार बंद झालं. सुईत दोरा घालता घालताच त्यांनी विचारलं, "हं. काय झालं?"

दिगंबरने भिंतीकडे बघत सगळं सांगितलं, ओठाची चीरही.

"ओठापुढे काही?"

"नाही. पळालो."

"तिच्या ओठाला, तोंडात फोड, जखम होती?"

त्याने आठवून पाहिलं. बाईचा चेहराच डोळ्यांपुढे येईना. सात आठवडे तो केवळ स्वतःचाच ओठ पाहत होता. "आठवत नाही."

"तोंडातून हा रोग लागायला समोरच्याच्या तोंडात ओला व्रण असावा लागतो. लागतच नाही असं मी म्हणणार नाही, पण अगदी क्वचित. तुझ्या ओठाची चीर किती दिवसांत भरली?"

"दोन."

"मग ती थंडीचीच. या रोगाचा व्रण दोन दिवसांत भरून येत नाही. आज रक्त घेतो, एप्रिलअखेर पुन्हा एकदा. आणि ताट, पेला, टॉवेल याने हा रोग लागत नाही, लेकरू कडेवर घेऊन तर नाहीच. हे तुला कोणी सांगितलं नाही?"

"कोणाला विचारणार?"

"ते मात्र खरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दार उघडलं. "आण गं तिला. दिगंबर, धर."

त्याने हेमाला मांडीवर घेतलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. तिने आधी अंग आकसलं. मग सुई टोचल्यावर तोंड त्याच्या छातीत खुपसलं आणि सदरा दातांत धरला. तीन टाके होईपर्यंत तो तिच्यापेक्षा जास्त रडला. कंपाउंडरला वाटलं, हळवा माणूस आहे.

पहिला अहवाल निर्दोष आला. पण भीती काही कागद वाचून जाणारी नव्हती. आठवडाभरातच तो पुन्हा डॉक्टरांच्या दारात उभा राहिला, रक्त घ्या म्हणून. "रक्तातला रोग मला तपासता येतो," डॉक्टर म्हणाले, "मनातली शंका नाही. सांगितलंय तेव्हा ये. त्याआधी आलास तर चहा मिळेल, सुई नाही." तो तीनदा गेला, तीनदा चहा पिऊन आला.

दवाखान्यातून येतानाच त्याने वहिनीला सगळं सांगितलं होतं. घरी तिने त्याचा दाढीचा आरसा उचलला आणि हेमाला खेळायला दिला. "आता नाक्यावरच्या न्हाव्याकडे जात जा. तो फक्त गाल बघेल." ताट-पेला सगळ्यांत मिसळला. श्रीधर म्हणाला, "काय, पारायण संपलं वाटतं?" वहिनी म्हणाली, "हो, दत्त पावले," आणि त्याच्या ताटात भात वाढला.

पाकीट तिने वाळवून त्याला परत दिलं. "मी उघडलेलं नाही. दुसरा रिपोर्ट आला की काय करायचं ते करा. पण वृंदेला जे सांगायचं ते तुम्हीच सांगायचं. मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं असं मामीने कधी म्हणू नये."

एप्रिलच्या अखेरीला दुसरा अहवालही निर्दोष आला. त्या संध्याकाळी दिगंबरने ते पाकीट चुलीतल्या कोळशांवर धरलं. भिजून वाळलेलं, ते लवकर पेटेना. तो शेवटपर्यंत तिथे बसून राहिला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने वृंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हेमाच्या हाताची खूण त्याचीच का?" चार दिवस ती त्याच्याशी अबोल होती, पाचव्या दिवशी चहा पुढे ठेवून बोलली.

श्यामसुंदरने पुढे बदली मागून घेतली; तो कुठे गेला ते कळलं नाही. कालिंदीबाई शेवटपर्यंत दिगंबरच्या सोवळ्याचे गोडवे गात राहिल्या. त्यांचा भ्रम कोणी मोडला नाही. गोळे डॉक्टर सत्त्याहत्तरात गेले, तोवर दर विजयादशमीला दिगंबर त्यांच्याकडे सोनं द्यायला जायचा. श्रीधरची बदली पुण्याला झाली. त्याला यातलं काहीच समजलं नाही, की समजूनही तो काही बोलला नाही, ते श्यामलावहिनीही सांगू शकायची नाही. हेमा मोठेपणी कलकत्त्यालाच परतली, शिक्षिका झाली. खडू धरताना तळहातावरची पांढरी रेघ मुलांना दिसते आणि ती सांगते, काकाच्या देवाची बाटली फोडली होती मी.

दिगंबर आणि वृंदा नागपूरला स्थायिक झाले, दोन मुलगे झाले. नव्वद सालानंतर एड्स या नव्या रोगाचं नाव घरोघर झालं, तेव्हा त्यांच्या आळीतल्या एका तरुण मुलाला तो निघाला. लोक त्याच्या घरचं पाणी पिईनात. दिगंबर रोज संध्याकाळी जायचा, त्याच्या खाटेशेजारी बसायचा आणि त्याच्याच पेल्याने पाणी प्यायचा.

निळ्या पडद्यामागच्या त्या बाईचं काय झालं, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. म्हातारपणी दिगंबर वृंदाला म्हणायचा, "नाव तरी विचारायला हवं होतं गं. पाणी दिलं होतं तिने मला."