खाणीतलं लोखंड

आर्लिसनं जेवणाच्या टेबलावर चौदा लोहचुंबकं मांडली, तेव्हा तिची सासू गुड्रुन समोरच बटाटे सोलत बसली होती. बोटाएवढ्या जाड त्या कांड्या गायींच्या पोटातल्या होत्या. गाय चरता चरता खिळा, तार काहीही गिळते. ते आतडं फाडू नये म्हणून तिला एक कांडी गिळायला घालायची, म्हणजे लोखंड तिथंच चिकटून राहतं. म्हातारी गाय कसायाकडं गेली की कांडी परत यायची. गोठा रिकामा होऊन आठ वर्षं झाली, तरी आर्लिसनं त्या डब्यात जपल्या होत्या.

"खाणीत टाकणार हायेस व्हय हे?"

"व्हय, आत्याबाई."

"टाक. पान्यात गाय घावली तर दूध काढ तिचं."

आर्लिस एकेक कांडी फडक्यानं पुसू लागली. नऊ वर्षांत तिनं गप्प राहायची सवय लावून घेतली होती. नऊ वर्षांमागं मार्च महिन्यात तिचं आणि नवऱ्याचं, मेरिलचं, गायी विकण्यावरनं कडाक्याचं भांडण झालं. दूध काढायचं जुनं यंत्र सारखं बंद पडायचं. गायी विकून टाकू म्हणाला तो. माझ्या मढ्यावरनं विक, म्हणाली ही. तो पिकप घेऊन गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात गावातल्या कॅफेतली वाढपी बाई लांब माँटाना राज्यात निघून गेली. गावाला दोन अधिक दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? आर्लिसच्या जिभेला कंटाळून मेरिल पळाला, असं ठरलं. सगळ्यांत आधी ते सासूनंच ठरवलं.

यंदा पावसानं दडी मारली, मका गुडघ्याएवढाच राहिला आणि रस्त्याच्या वळणावरलं रान वाळून बसलं. तिथलं कुंपण दुरुस्त करताना आर्लिसला गवताखाली मोडलेले दोन खांब दिसले. दोन्ही खाणीच्या बाजूला पडलेले. खडी काढून सोडलेली ती जुनी खाण, खोल पाण्यानं भरलेली. मेरिलची पिकप इथनंच पाण्यात गेली असंल, म्हणत तिनं शेरीफच्या माणसाला आणून दाखवलं. तो गोड बोलला, पण पाणबुडे आणायला नुसते खांब पुरत नाहीत म्हणाला.

मग आर्लिसनं स्वतःच कंबर कसली. माशाच्या रिकाम्या डब्यात कांड्या दाटीनं बसवल्या, वर चिकट राळ ओतली, मधोमध कडी रोवली. कडीला दोर बांधून दिवसभर डबा पाण्यात फेकून एक तार अन् दोन बाटल्यांची झाकणं आली. तिसऱ्या दिवशी डबा दगडावर आपटून फुटला. कांड्या बुडाल्या, कडी तेवढी दोराला राहिली.

गुरांचा चारा दळायच्या, आता बंद पडलेल्या गिरणीचा म्हातारा ऑर्विल, कॅफेत बसून तिला हसणाऱ्यांतलाच एक. तिनं मोठं चुंबक मागताच त्यानं मान खाली घातली आणि धान्याच्या घसरणीवरचं, खिळे धरणारं, पाटाएवढं चुंबक काढून दिलं.

"ह्याला भोक पाडू नगं, तडकंल," तो म्हणाला. "जाळबी दाखवू नगं, तापलं की ह्याचा जीव जातो. पाठीच्या पट्टीला भोकं हायेत, त्यातनं वाकडा बोल्ट घाल. आन् दोराचं दुसरं टोक आधी झाडाला बांध, मग फेक."

तिनं आपल्या आताच्या पिकपच्या धुराड्याचा वाकडा बोल्ट घातला, गवताचे गठ्ठे माळ्यावर ओढायचा दोर त्यात ओवला, गाठीवर गाठ मारली. रोज सकाळी वळणापासून दोन-दोन पावलं सरकत ती फेकत राहिली. तळहात सोलवटले. पाचव्या दिवशी चुंबक खाली गेलं आणि कशाला तरी घट्ट चिकटून बसलं. ओढलं, हललं नाही. बाजूनं ओढलं, तरी नाही.

मागं गुड्रुन काठी टेकत उभी होती.

"सोड ते," म्हातारी म्हणाली. "माझा मेरिल माँटानात हाय. त्याला पोरं झाली असतील. म्या त्यांची नावंबी ठिवलीत."

आर्लिसचा हात ढिला पडला. इतकी वर्षं म्हातारी आपल्याला शिव्या देते एवढंच तिला ठाऊक होतं. त्या शिव्यांच्या आड तिनं पोराचा अख्खा संसार मांडून ठेवलाय, हे तिला आत्ता कळलं.

"तुमी म्हणाल तर कापते दोर," आर्लिस म्हणाली. खिशातनं चाकू काढून तिनं सासूपुढं धरला.

गुड्रुननं चाकू घेतला नाही. काठी खाली टाकली, दोन्ही हातांनी दोर धरून एकदा ओढून बघितला. मग दोर न सोडता ती खाली बसली.

"बोलाव त्यास्नी."

पाणबुडे आले, मागनं क्रेन आली. पिकप वर निघाली ती गाळानं भरलेली. मेरिल स्टिअरिंगमागंच होता. तळाशी पिकपचं तोंड घराच्या दिशेला होतं, पाणबुड्यांनी सांगितलं. मागच्या हौद्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दूध काढायच्या यंत्राचा नवाकोरा पंप होता. आर्लिस त्या पंपाकडं बघत राहिली. गायी तिनं पुढच्या वसंतात विकल्या होत्या, एकटीला झेपेनात म्हणून.

दफनानंतर गावातल्या बाया गरम भांडी घेऊन घरी आल्या. कॅफेची मालकीण आर्लिसचा हात धरून म्हणाली, "मेरिल पळाला असं आमी कधी मानलंच न्हवतं बघ."

आर्लिसनं हात सोडवून घेतला. कोपऱ्यातनं गुड्रुनचा आवाज आला.

"म्या मानलं व्हतं," म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली. "नऊ वरसं. ह्या पोरीच्या हातचं खाऊन. तुमीबी मानलं व्हतं, बायांनो. बसा आता, आन् तिला आधी वाढा."