सपाट लॉनवर बाबा

धाकटा चाळिशीला टेकला होता, टाळूवरच्या केसांनी केव्हाच रजा घेतली होती, तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. बढती मिळायची तर ताईने आधी जागा खाली करायला हवी होती, आणि ताई कुठलीही जागा सहजासहजी सोडणाऱ्यातली नव्हती. तो गाद्यांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोक येत, गाद्यांवर आडवे होत, डोळे मिटून ‘आहाहा’ म्हणत, आणि हा त्यांच्या उशाशी हात बांधून उभा. दुकानात आडवं व्हायची मनाई फक्त त्यालाच होती.

अशा माणसाला निदान रविवारी तरी झोपू द्यावं. पण त्या रविवारी ताई आली ती पर्सही खाली न ठेवता बोलायला लागली.

“बाबांना मी घेऊन जातेय. माझ्याकडे लिफ्ट आहे, फरशी आहे, माणसं आहेत. इथे ते पुन्हा पडले तर तुला कळणार कधी? दुकानातून आल्यावर?”

“मी इथेच बसलोय,” बाबा खुर्चीतून म्हणाले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“बाबा, मी तुमच्याशी नाही बोलत. तुमच्याबद्दल बोलतेय.”

बाबा पडले होते ते घरामागच्या लॉनवर. लॉन हा शब्द आपला म्हणायचा. घर बांधून झाल्यावर कंत्राटदाराने उरलेला राडारोडा मागे पसरला, वर माती लोटली, गवत लावलं आणि तो पसार झाला. पुढे माती हवी तिथे बसली, हवी तिथे फुगली. पाहुणे त्या गवतावरून बोटीत बसल्यासारखे दोन्ही हात पसरून जायचे. बाबा मात्र रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून भरलेला कप घेऊन निघत, ते थेट मागच्या फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसत आणि गल्लीतल्या लोकांना उगाच सल्ले देत. तेवढा एक कार्यक्रम त्यांच्या आयुष्यात उरला होता.

“लॉनमुळे नाही पडलो मी,” बाबा म्हणाले. “शेजाऱ्यांचं मांजर पायात आलं.”

यावर कुणाचा विश्वास बसला नाही, कारण ते मांजर उशीएवढं जाड होतं आणि त्याला हलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मी लॉन सपाट करतो,” धाकटा म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आपणच बोललो.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. “कर. प्लास्टर निघालं की मी येते. बाबा दारापासून फाटकापर्यंत नीट चालले, तर राहू देत इथे. नाहीतर गाडीत बसवून नेणार. मग कुणी रडायचं नाही.”

“आणि मला कुणी विचारणार आहे का?” बाबा म्हणाले.

“बाबा, तुम्ही चहा घ्या,” दोघं एकदम म्हणाली.

झालं. दुकानातून आलं की धाकटा कपडे बदलून मागे जाई. उंचवट्यावरचं गवत फावड्याने चौकोनी कापायचं, सतरंजीसारखं गुंडाळून बाजूला ठेवायचं, खालची माती उकरायची, विटांचे तुकडे वेचायचे, गवत परत अंथरायचं. खड्ड्यात उलट करायचं, म्हणजे गवत उचलून खाली चाळलेली माती आणि वाळू भरायची. मग लांब फळी टाकून वर पाणसळ ठेवायची आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येतो का ते बघायचं. बुडबुडा मधे येत नसे. बुडबुड्याला काही घाई नव्हती, त्याला सकाळी दुकान उघडायचं नव्हतं. उकरलेल्या मातीचा कोपऱ्यातल्या शेडमागे एवढा ढीग झाला की त्यावर शेजाऱ्यांचं मांजर येऊन बसलं. कसं आलं ते पुन्हा कुणी पाहिलं नाही.

बाबा खिडकीतून सगळं बघत. “अरे, तो राहू दे. तो चांगला आहे,” असं ते एकेका उंचवट्याबद्दल म्हणत, कामावरून काढायच्या माणसाची रदबदली करावी तसं. धाकटा ऐकत नसे. ऐकायलासुद्धा जोर लागतो.

शेवटी भाड्याचा रोलर फिरवून झाला तेव्हा लॉन असं दिसत होतं की त्यावर इस्त्री केली असावी. धाकट्याला कंबर सरळ करता येत नव्हती. घरातला सगळा सरळपणा आता त्या गवतात गेला होता.

ताई ठरल्याप्रमाणे आली. बाबांनी कप भरला आणि दारातून पाऊल टाकलं.

दुसऱ्याच पावलाला त्यांनी उजवा गुडघा एकदम वर घेतला, जिन्याची पायरी चढावी तसा. पायाखाली पायरी नव्हती. पाऊल धप्पकन खाली आलं, चहा शर्टावर गेला. मग त्यांनी एक लांब ढांग टाकली, काहीतरी ओलांडून गेल्यासारखी, आणि तोल सावरायला गोल फिरले. मग डावीकडे वळसा घातला. सपाट, मोकळ्या गवतावर बाबा कुणालाच न दिसणाऱ्या गोष्टींना चुकवत चालले होते. मध्यावर गुडघा पुन्हा वर गेला आणि ते मटकन खाली बसले.

ताईने दाराची चौकट धरली. “हे काय करताहेत? डोक्यावर परिणाम झालाय का रे यांच्या?”

धाकटा धावला. बाबा गवतात बसून आपल्या पायांकडे बघत होते.

“पायांना कुणी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. “मी वरून कितीदा सांगितलं. ऐकत नाहीत.”

“पुढच्या रविवारी,” ताई दारातूनच म्हणाली. “सामान बांधून ठेव. गाडी आणते.”

त्या रात्री धाकटा अंथरुणावर पडला आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. बाबा जातील. संध्याकाळी येऊन सरळ झोपता येईल. औषधं नाहीत, पथ्याचं जेवण नाही, न्हाणीघराच्या दाराबाहेर कान देऊन उभं राहणं नाही. दोष ताईचा आणि पायांचा. त्याच्याकडून तर सगळं झालं होतं, आणि पाणसळ साक्षीला होती. इतकी छान झोप समोर दिसत होती की तिच्या नुसत्या विचारानेच त्याला झोप येईना.

सकाळी त्याने दुकानात आजारी असल्याचं कळवलं आणि स्वयंपाकघरातला चमच्यांचा डबा उचलला.

“बाबा, उठा. चाला.”

“पुन्हा पडू?”

“मी धरतो. तुम्ही नेहमीसारखं चाला. खाली बघू नका.”

बाबा चालले. पाय जिथे वर गेला तिथे धाकट्याने मातीत चमचा खोचला. जिथे पाय खाली शोधत गेला तिथे काटा. पुन्हा चालले, पुन्हा तिथेच. बाबांच्या डोक्याला आठवत नव्हतं, पण पायांना तो सगळा राडारोडा पाठ होता. दुपारपर्यंत लॉन जेवायला मांडलेल्या टेबलासारखं दिसायला लागलं.

मग शेडमागची माती घमेल्यांतून परत आली. मांजराला उठवावं लागलं, तेही घमेल्यात घालूनच. जे गवत धाकट्याने गुंडाळून सपाट केलं होतं तेच पुन्हा कापलं, चमच्यांपाशी खाली माती भरली, काट्यांपाशी उकरली, वर गवत चढवलं. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

“थोडा उंच. अजून. हं, आता ओळखीचा वाटतोय.”

“हा बघा, बाकाजवळचा.”

“जाड झाला.”

“बाबा, मातीच आहे.”

“हो, पण आधी इतकी खात नव्हती.”

फाटकाजवळच्या एका चमच्यापाशी धाकटा अडला. “इथे तर काहीच नव्हतं. मी स्वतः फळी टाकली होती. इथे पाय का उचललात?”

बाबांनी जरा विचार केला. “तिथे एक असावा असं मला नेहमी वाटायचं. सुरू आहेस तर करून टाक.”

धाकट्याने तोही उंचवटा केला.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. लॉनकडे बघून ती मटकन दाराच्या पायरीवर बसली. “तू नेमकं काय केलंस महिनाभर?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

बाबा कप काठोकाठ भरून बशीसकट निघाले. गुडघा वर गेला, पाऊल टेकलं. लांब ढांग, वळसा, एक छोटा उतार, मग तो नवीन, कधीच नसलेला उंचवटा, तोही सहज. गल्लीतून जाणाऱ्या कुणाला तरी सायकलच्या हवेबद्दल सल्ला देत ते बाकावर बसले आणि चहा पिऊ लागले. बशी कोरडी होती.

ताईही दमलेली आहे, हे धाकट्याला पहिल्यांदाच दिसलं.

“मी खोली रिकामी केली होती रे,” ती म्हणाली. “पडदेसुद्धा लावले.”

“माहितेय.”

“माझ्याकडे सगळीकडे फरशी आहे.”

“हो ना.”

“सपाट.”

“ताई, चहा टाकू?”

“नको, मी जाते त्यांच्याजवळ.” ती उठली आणि गवतावर उतरली. पहिल्याच पावलाला अडखळली.

“गुडघा वर!” बाबा बाकावरून ओरडले. “आता लांब टाक! खाली बघू नकोस, मला बघ!”

ऑफिसच्या बुटांतली ताई मुकाट्याने गुडघा वर करत, ढांगा टाकत, दोन्ही हात पसरून बाबांपर्यंत गेली आणि शेजारी बसली. बाबांनी उरलेला चहा तिच्या हातात दिला.

“बाबा,” ती म्हणाली, “रात्री हे फाटक आतून लावत जा. आणि त्या मांजरापासून लांब राहा.”

म्हणजे गाडी रिकामीच परत जाणार होती. धाकट्याने पायरीवर टेकायला गुडघे वाकवले, पण उचकटून लावलेल्या गवताला दोन्ही वेळ पाणी लागतं. तो तसाच सरळ झाला आणि त्याने पाण्याची नळी उचलली.