साहेबांची वायर

त्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या पोलिसांचे वायरलेस सेट पोलिसांशीच बोलायचे, फायर ब्रिगेडचे फायर ब्रिगेडशी, आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाले बिचारे मोबाइल कानाला लावून रस्ता विचारत फिरायचे. म्हणून ती पेटी आली. प्रवासाच्या बॅगेएवढी, उचलून जीपमध्ये टाकता येईल अशी. प्रत्येक खात्याचा एक सेट वायरीने तिला जोडला की कुणीही आपापल्या सेटवर बोललं तरी सगळ्या खात्यांना ऐकू जायचं.

पेटी हर्षा मेश्रामच्या ताब्यात होती. ती पोलिसांच्या वायरलेस शाखेत सहायक उपनिरीक्षक. कामाला चोख, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिचा धाकटा भाऊ ललित फायर ब्रिगेडमध्ये फायरमन. तो अगदी उलटा; कुणी खुर्चीवरून उठवलं तर माफी मागून उठेल असा.

राइट टाउनमधल्या एका शाळेत सुट्टीच्या दिवशी खोटी आग लावून पेटीची परीक्षा झाली. यंत्र उत्तम चाललं. माणसं मात्र चालली नाहीत. कारण सगळ्या बंदोबस्ताचे प्रमुख असलेले मोठे साहेब हौसेने स्वतःचा सेट जोडून बसले होते. आता साहेब ऐकताहेत म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? ते विचारत, आणि सगळी खाती आळीपाळीने "जी सर" म्हणत. त्यातून या पेटीवर एका वेळी एकालाच बोलता येतं; एकाने बटण दाबून धरलं की बाकीचे मुके. साहेबांचा अंगठा बटणावरून निघेना. शाळेचं मागचं दार कुलूपबंद आहे हे ललितला दिसलं होतं, पण तो ते कुणाला बोललाच नाही.

त्या दिवशी जेवताना हर्षाने त्याला फैलावर घेतलं.

"दार बंद दिसलं ना तुला? मग बोलला काहून नाही?"

"साहेब बोलून राहिले होते ताई. मधात कसा बोलू?"

"आग थांबते काय, साहेबाचं होईपर्यंत?"

खऱ्या आगीत बोलीन, असं तो भाताकडे बघत म्हणाला. आई शेवंता मध्ये पडली, पोराला जेवू तर दे म्हणाली. हर्षाने त्याला आणखी भात वाढला. आपला भाऊ आगीने नाही, अदबीने मरेल, ही भीती तिच्या मनात त्या दिवशी जी बसली ती हलली नाही.

आणि मग एका दुपारी घमापुरात प्लास्टिकच्या बादल्यांचं गोदाम पेटलं. वरच्या मजल्यावर मालकाची आई इंदूबाई आणि सून पुष्पा अडकल्या होत्या. हर्षाने समोरच्या मिठाईवाल्याच्या ओट्यावर पेटी ठेवली, कढई बाजूला सरकवली आणि वायरी जोडल्या. पोलीस, फायर ब्रिगेड, अ‍ॅम्ब्युलन्स, होमगार्ड. पाचवी वायर साहेबांच्या सेटची. तीही जोडावीच लागली. साहेब थोड्या अंतरावर गाडीजवळ उभे राहून, त्याच्या जोडीचा सेट हातात घेऊन बोलू लागले. माणूस वाईट नव्हता. काळजीने बोलत होता, पण थांबत नव्हता.

साहेबांच्या हुकुमाने पोलिसांनी समोरची गल्ली रिकामी केली. सगळ्या स्कूटी, रिक्षा, हातगाड्या ढकलून मागच्या गल्लीत नेऊन कोंबल्या. ललित आणि त्याचा जोडीदार वीरेंद्र समोरच्या लाकडी जिन्याने वर गेले. सेट ललितच्या खांद्याला होता. थोड्या वेळाने आत काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि दारातून काळ्या धुराचा लोट बाहेर आला. जिन्याचं काय झालं, बाहेरून कुणालाच दिसेना.

साहेबांनी विचारलं, ऊपर की क्या स्थिति है. विचारून क्षणभर थांबले. त्या क्षणात पेटीच्या स्पीकरवर टक झालं. कुणीतरी बटण दाबलं होतं आणि न बोलता सोडलं होतं. तेवढ्यात साहेब पुन्हा सुरू झाले: पाण्याचा दाब किती, गर्दी मागे घ्या, अ‍ॅम्ब्युलन्स समोरच उभी ठेवा. पुन्हा श्वास घ्यायला थांबले आणि पुन्हा टक.

हर्षाला ते टक ओळखू आलं. लहानपणी बाबांच्या खोलीबाहेर दारावर बोट ठेवून उभा राहणारा, आणि आत न येणारा भाऊ तिने पाहिला होता.

तिने पाचवी वायर उपटली.

शेजारी उभे असलेले तिचे वरिष्ठ शैलेंद्र देशपांडे यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अगं, साहेबांची आहे ती!" ते म्हणाले. हर्षाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने माइक उचलला. वायरलेसवर नावं घ्यायची नाहीत, घरची बोली बोलायची नाही, हे ती स्वतः दुसऱ्यांना शिकवत असे.

"लल्या, मी ताई बोलून राहिली. साहेबाचा सेट बंद केला मी. कोणी नाही मधात. बोल आता."

सगळ्या गल्लीतल्या सगळ्या सेटवर तिचं मराठी ऐकू गेलं. मग खोकला आला, आणि खोकल्यामागून ललितचा आवाज.

"ताई, जिना गेला. दोघी आमच्यापाशी आहेत. मागच्या खिडकीत येतो. शिडी मागून लाव, लवकर."

हर्षाने ते हिंदीत सगळ्यांना सांगितलं. मागच्या गल्लीतल्या पोलिसांनी आपणच कोंबलेल्या रिक्षा उचलून बाजूला फेकल्या, होमगार्डांनी हातगाड्या उलट्या केल्या, शिडी आत शिरली, अ‍ॅम्ब्युलन्स वळसा घालून गेली. ललित आता न विचारता बोलत होता: शिडी डावीकडे घ्या, अजून, बस, आधी आजी येतील, त्यांना धरा. हर्षाने एका हाताने ओटा घट्ट धरला होता, दुसऱ्या हातातला माइक मात्र तिने खाली ठेवला नाही.

इंदूबाई उतरल्या, पुष्पा उतरली, मग वीरेंद्र, आणि शेवटी ललित, एक तळवा भाजलेला.

हर्षा मागच्या गल्लीत धावत पोचली तेव्हा तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायरीवर बसून मलमपट्टी करून घेत होता. तिच्या मागोमाग साहेब आले, हातात आपला मुका सेट घेऊन. इसे क्या हुआ था, त्यांनी विचारलं. देशपांडे सर धापा टाकत पुढे झाले. वायर ढिली हो गई थी सर, त्यांनी सांभाळून घेतलं. त्यांचा हेतू चांगला होता. हर्षाने नुसती मान डोलावली असती तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण वायर ढिली म्हटलं की पुढच्या वेळी ती घट्ट बसवली जाणार, आणि पुढच्या आगीत पुन्हा सगळे मुके.

"ढीली नहीं थी सर," ती म्हणाली. "मैंने निकाली."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. आजूबाजूची सगळी वर्दी ताठ उभी राहिली. क्यों, त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न हर्षाला होता.

उत्तर मात्र तिने दिलं नाही. पायरीवरचा ललित, पट्टी अर्धवट लोंबत असताना, उठून उभा राहिला होता.

"सर, आप बोल रहे थे," तो म्हणाला, "इसलिए मैं नहीं बोल पा रहा था. और ऊपर हम चार लोग थे."